सरांच्या ऑफिस अवर्सची राखण

पन्नाशीला टेकल्यावर मी कॉलेजात नाव घातलं तेव्हा नवरा म्हणाला, "हौस आहे तर कर." ही हौस नव्हती. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये इतकी वर्षं काढली, मुलगी शिकून नोकरीला लागली, आणि "तुम्ही काय करता?" या प्रश्नावर मी अजून "घरीच असते" म्हणत होते. मला दातांच्या दवाखान्यात दात साफ करणारी हायजीनिस्ट व्हायचं होतं. त्या कोर्सला प्रवेश हवा तर आधी कम्युनिटी कॉलेजात ॲनाटॉमी करायची आणि तिच्यात निदान सी ग्रेड मिळवायची, अशी अट होती.

हाडांना मी भ्यायले नाही, पाठांतर माझं पहिल्यापासून चोख. मला घाम फोडला तो कॉलेजच्या शब्दांनी. पहिल्याच दिवशी सरांनी सिलॅबस वाटला. आमच्या वेळी सिलॅबस ही परीक्षा तोंडावर आली की कोणाकडून तरी झेरॉक्स करून आणायची चीज होती. इथल्या सिलॅबसात वर्गात काय खाऊ नये इथपासून सरांना हाक कशी मारायची इथपर्यंत सगळं लिहिलेलं. नुसत्या नावाने हाक मारा म्हणे. मेले असते तरी ते जमलं नसतं, मी आपली 'सर'च म्हणत राहिले. मग कळलं की 'ऑडिट' म्हणजे वर्गात नुसतं बसायचं, परीक्षा नाही आणि ग्रेडही नाही. हे घरी सांगितलं आणि नवऱ्याचा चेहरा उजळला. "मग तू तेच कर ना," तो म्हणाला. त्या दिवशी मी त्याला गार पोळ्या वाढल्या.

'ऑफिस अवर्स' मात्र मी कोणाला विचारलेच नाहीत, कारण त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. मंगळवारी आणि गुरुवारी दोन ते तीन सर आपल्या खोलीत काम करतात, तेव्हा त्यांना त्रास देऊ नये. सरळ आहे. आमच्या नागपूरच्या कॉलेजात सरांच्या खोलीत बोलावल्याशिवाय कोणी पाऊल ठेवत नसे, आणि बोलावणं आलं की वडिलांना बरोबर न्यावं लागे. माझा वर्ग तीनला. मी लवकर पोचायची आणि सरांच्या खोलीसमोरच्या बाकावर बसून डबा खायची. सर आत एकटेच, दार सताड उघडं. माणसाने अशात काम तरी कसं करावं? एकदा मी ते दार हळूच लोटून घेतलं. सरांनी उठून पुन्हा उघडलं. आणखी एकदा वर्गातली दोन पोरं बडबडत तिकडे निघाली, तेव्हा मी ओठांवर बोट ठेवून त्यांना अडवलं. "ही इज वर्किंग," मी म्हणाले. पोरं गुमान परत गेली. माझ्या पिकल्या केसांना अमेरिकेत मिळालेला हा पहिला मान.

दुसऱ्या परीक्षेत मी आपटले. हाडांची नावं तोंडपाठ होती, पण अमुक हाड मोडलं तर हाताचं काय होईल, असं विचारलं होतं. आणि सरांची ईमेल आली: गुरुवारी ऑफिस अवर्समध्ये येऊन भेटा, कोर्स विथड्रॉ करायचा का यावर बोलू. काढून टाकणार, दुसरं काय?

"गुरुवारी सुट्टी काढ," मी मुलीला सांगितलं. "सरांनी ऑफिसात बोलावलंय."

"मग मी कशाला?"

"घरचं कोणीतरी लागतं गं. बाबांना नाही नेणार मी."

"आई, दॅट्स नॉट हाऊ इट वर्क्स. यू आर फॉर्टी-नाइन," ती म्हणाली. पण आली.

खोलीत सरांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. मुलीने ओळख करून दिली, "मी हिची पालक." मग सरांनी मला विचारलं, इतके दिवस आला का नाहीत? म्हटलं, तुमच्या कामाची वेळ होती ना. ते हसले नाहीत. म्हणाले, "हेच माझं काम आहे. हा तास मी तुमच्यासाठी ठेवतो. यंदा कोणीच कसं येत नाही, तेच मला कळत नव्हतं." मी जमिनीकडे पाहिलं. ते दार, ती पोरं, सगळं सांगून टाकलं. मुलीने तोंड ओढणीत लपवलं, तीही माझ्याच. मग मात्र सर डोळे पुसेपर्यंत हसले.

त्यांनी समजावलं. आत्ता विथड्रॉ केलं, म्हणजे कोर्स मधेच सोडला, तर गुणपत्रिकेवर डब्ल्यू लागेल, नापासाचा एफ नाही. पण हायजीनिस्टचा प्रवेश वर्षभर पुढे जाईल. कोर्स चालू ठेवायचा असेल तर दर मंगळवारी आणि गुरुवारी इथे यायचं. माझ्या कानात नवऱ्याचं "ऑडिट कर ना" वाजत होतं. मी म्हणाले, "येईन." पुढच्या मंगळवारी त्या दोन पोरांनाही मीच पकडून आत नेलं.

सत्र संपलं आणि सी मिळाला. जेवताना सांगितलं तेव्हा नवऱ्याने आमटीची वाटी खाली ठेवली. "सी?" आमच्या घरात ते अक्षर तोवर आलंच नव्हतं. मुलीच्या बी प्लसलासुद्धा आम्ही दोघांनी अबोला धरला होता.

"प्रवेशाला सी चालतो," मी म्हणाले. "मला मिळतोय प्रवेश."

मुलगी भात कालवत होती. मान वर न करता म्हणाली, "बाबा, आय हॅव अ डब्ल्यू. सेकंड इयरची केमिस्ट्री. तुम्हाला सांगितलं नव्हतं."

मी हातातला घास ताटात ठेवला. "मला तरी सांगायचंस गं," मी म्हणाले.

"तेव्हा तुला डब्ल्यू म्हणजे काय ते माहीत नव्हतं, आई."

मी खुर्ची तिच्या जवळ ओढली. "आता माहीत आहे," म्हटलं. "आता सांग."