पांडूकाकांचा तांडेल

पांडूकाका सातव्या दर्याचं पान कधी बसून वाचत नसत. बाकीचं सगळं पुस्तक ते माडाच्या बुंध्याशी बसून वाचायचे, पण ते पान आलं की काठी टेकत उठायचे. त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडून वाकडा झाला होता. उभं राहायला त्रास व्हायचा, तो दिसायचाही. तरी पान संपेपर्यंत उभे. का ते आम्ही कधी विचारलं नाही.

आम्ही म्हणजे आचऱ्याच्या खाडीकाठी काथ्याचं काम करणाऱ्या सातआठ बायका. नारळाची सोडणं, म्हणजे वरची सालं, खाडीच्या चिखलात पुरून कुजवायची, काही महिन्यांनी काढून मोगरीने ठोकायची आणि निघालेल्या काथ्याचं सुंभ वळायचं. ठोकायचं काम सकाळी. त्या आवाजात शेजारणीचं बोलणंही ऐकू येत नाही. वळायचं काम दुपारी. वळताना हात आपले आपण चालतात आणि डोकं रिकामं राहतं. म्हणून वाचन दुपारी.

पुस्तक एकच. ‘सातवा दर्या’ नावाची जुनी अद्भुत कादंबरी. पुठ्ठा गेला होता, त्याजागी पांडूकाकांनी शिडाचं कापड शिवलं होतं. दर वर्षी ते पहिल्या पानापासून सुरू करायचे आणि पावसाळ्याआधी संपवायचे. एका राजपुत्राला आईसाठी औषध आणायला सात दर्यांपलीकडच्या बेटावर जायचं असतं. प्रत्येक दर्या वाट सोडण्याआधी काही ना काही मागतो. राजपुत्र झोपलेला असतो, तेव्हा जहाज हाकणारा तांडेल रत्नू आपलंच काहीतरी देऊन टाकतो. सावली देतो, गाण्याचा गळा देतो, घरची आठवण देतो. सातव्या दर्यात जहाज खडकावर येतं. सगळे उड्या टाकून वाचावेत म्हणून रत्नू एकटा सुकाणू धरून उभा राहतो आणि जहाजाबरोबर जातो. राजपुत्र घरी पोचतो तेव्हा त्याला तांडेलाचं नावसुद्धा आठवत नाही.

“राजपुत्र निजता तरी किती ओ, काका?” मथुरा दर वर्षी विचारायची.

“राजाचो झील तो. तेका काय तुज्यासारखा सुंभ वळूचा आसा?” काका दर वर्षी तेच उत्तर द्यायचे आणि आम्ही दर वर्षी हसायचो.

ते स्वतः पूर्वी गलबतावर खलाशी होते. पाय मोडल्यावर गावी आले ते कायमचे. लग्न केलं नाही. पुतण्याच्या घरी राहायचे, जाळी दुरुस्त करून द्यायचे. मासळीचा हात पुस्तकाला लावू द्यायचे नाहीत. “आदी हात धू, मगे वास घे, मगे परत धू,” म्हणायचे. कोणी पुढचं लवकर वाचा म्हटलं तर म्हणायचे, “वाचणारो घाय करूक लागलो की दर्यो उथळ होता.” गावातले पुरुष त्यांना ‘रत्नू तांडेल’ म्हणू लागले होते. मानानेच म्हणायचे. पण काकांना ते चालायचं नाही. “माका रत्नू म्हणा नको,” असं तोडून बोलायचे. आम्हाला वाटायचं, साधा माणूस आहे, लाजतो.

एका वर्षी दिवाळीनंतर मालवणात तंबूतला सिनेमा आला आणि बैलगाडीतून जाहिरातीचे कागद वाटले गेले. कागदावर ‘सातवा दर्या’. मुंबईच्या कुणीतरी त्या पुस्तकाचा सिनेमा काढला होता. काकांनी तो कागद पुस्तकात घालून ठेवला. आठवडाभर वाचन बंद. “आता वाचूचा कित्याक? आता बघूचाच,” म्हणाले. मी म्हटलं, “बरो नसलो तर?” तर माझ्यावरच डाफरले. “मुंबयवाल्यांकडे खरी जहाजां आसत गो. ते बरोबर करतले.”

आम्ही सगळ्या आणि काका एसटीने मालवणला गेलो. माझी मावशी बाजाराजवळ राहायची, तिच्याकडे वस्ती. दिवेलागणीचा खेळ होता. तंबूत बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या, मध्ये नुसती दोरी. काका दोरीला लागून बसले, पिशवीत पुस्तक घेऊन. राजपुत्र आला, गोरा होता. राणी आली, रडली. मग रत्नू आला.

ढेरपोट्या माणूस. मिशा टोकदार. पडद्यावर आला तोच पाण्यात पडला. वर आला तेव्हा त्याच्या धोतरात मासा. तांडेल असून पाण्याला भ्यायचा आणि भ्यायल्याचं गाणं म्हणायचा. सातव्या दर्यात वादळ झालं तेव्हा सुकाणू धरलं राजपुत्राने आणि रत्नू पिंपात जाऊन लपला. पिंपातून त्याची फक्त शेंडी दिसत होती.

मी हसले. आधी मीच हसले, मग मथुरा, मग सगळ्याच. आज एवढ्या वर्षांनी मी असं म्हणणार नाही की मला हसू आलं नव्हतं. माणूस हसवण्यात वाकबगार होता. हसता हसता मी दोरीपलीकडे पाहिलं. काका पडद्याकडे बघत नव्हते. आमच्याकडे बघत होते.

सकाळी एसटीत मी त्यांना म्हटलं, “काका, सिनेमो तो. मनाक लावन घेव नकात.”

“पिंपात?” ते म्हणाले. “खंयचो तांडेल पिंपात लपता? सांग माका.”

आचऱ्याला उतरेपर्यंत ते दुसरं काही बोलले नाहीत. मध्येच म्हणायचे, “पिंपात.”

पुढे तो सिनेमा सगळ्या गावाने पाहिला. ‘रत्नू तांडेल’ हे नाव मानाचं होतं ते थट्टेचं झालं. काका किनाऱ्यावर जाळी घेऊन बसले की कोणीतरी ते गाणं म्हणायचं. कोणी म्हणायचं, “काकानु, पिंप आणू काय?” यात दुष्टपणा नव्हता. माणसांना आयतं हसायला मिळालं की ती सोडत नाहीत.

काकांनी चिडून वाचन सोडलं असं नाही. दोन आठवड्यांनी ते पुस्तक घेऊन आले आणि वाचू लागले. मथुराची नवी सून आमच्यात वळायला बसली होती. तिने पुस्तक कधी ऐकलं नव्हतं, सिनेमा पाहिला होता. रत्नूचं नाव पहिल्यांदा आलं आणि ती पदर तोंडाला लावून फिसकन हसली. मथुरा तिच्यावर ओरडली, “गप गो! हसाक काय झाला?”

काका म्हणाले, “तिका बोला नको. तिका तो दिसलो.” मग थांबून म्हणाले, “माकाय तोच दिसता.”

पुस्तक मिटलं आणि गेले. त्यानंतर त्यांनी आम्हाला कधी वाचून दाखवलं नाही.

महिनाभराने एका दुपारी मी एकटीच अंगणात काथ्या पसरत होते, तेव्हा ते आले आणि पायरीवर बसले.

“शेवंते, सिनेमाच्या आदी तुका रत्नू कसो दिसायचो?”

“तुमच्यासारखो,” मी म्हटलं. खरंच तसा दिसायचा. आम्हा सगळ्यांनाच.

त्यांनी काठी आपटली. “माज्यासारखो? मी थय थांबललंय खंय? मी उडी मारलंय!”

मग सांगितलं. सलग नाही, तुकड्यातुकड्याने. मंगळूरहून कौलं भरून गलबत येत होतं. वेंगुर्ल्यापुढे रात्री खडकावर चढलं. तांडेल होता विठू. तो सुकाणू धरून ओरडला, उड्या मारा. सगळ्यात आधी उडी काकांनी मारली. त्यांचा पाय खडक आणि गलबतामध्ये सापडला, पण जीव वाचला. सगळे वाचले. विठू वाचला नाही.

“फोटो नाय काय तेचो?” मी विचारलं.

“आमचे फोटो कोण काढतलो?”

पाय बरा होईपर्यंत काका मुंबईला इस्पितळात पडून होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाने त्यांना ते पुस्तक दिलं. वाचता वाचता रत्नू आला, तो विठूचाच चेहरा घेऊन आला. “पुस्तकवाल्यान विठूक बघलेलो नाय. तरी लिवल्यान तोच. मी वाचूक लागलंय की तो उभो. वीस वर्सां उभो होतो, शेवंते. आता वाचूक घेतलंय की तो ढेरपोट्यो येता.”

मी म्हटलं, “आदी मी हसललंय, काका.”

“म्हायत आसा. तुजो आवाज वळखतंय मी.”

मी माफी मागितली नाही. कुणाची मागणार, विठूची?

काकाच म्हणाले, “तू चौथी शिकलंस ना? लिवूक येता?” मुलीच्या वहीचं पान फाडून मी बसले. त्यांनी विठूबद्दल आठवेल ते सांगितलं आणि मी शाळेतल्या भाषेत लिहिलं. उंच. दारातून येताना वाकावं लागे. डाव्या कानात बाळी. पान खाई, थुंकताना आधी वारा बघे. हसताना आवाज येत नसे, खांदे हलत. उजव्या हाताची करंगळी नव्हती.

“डोळे?” मी विचारलं.

काका काठी टेकून उठले. “डोळ्यांची जागा सोड. मागसून सांगतंय.”

त्यानंतर ते आठपंधरा दिवसांनी यायचे. मी पान वाचून दाखवायचे. कधी ते एखादी गोष्ट वाढवायचे, कधी खोडायला लावायचे. “बाळी उजव्या कानात होती काय गो?” असं मलाच विचारायचे. पान ऐकताना विठू थोडा थोडा दिसतो, म्हणायचे. डोळ्यांपाशी आलो की मान हलवायचे. तिथे त्यांना त्या सिनेमावाल्याचेच बटबटीत डोळे दिसायचे. चार वर्षं असं चाललं.

पासष्टच्या सुमारास पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि तीन दिवसांत ते गेले. बाराव्याला मी ते पान घेऊन त्यांच्या पुतण्याच्या घरी गेले, पुस्तकात ठेवावं म्हणून. मथुरा बरोबर होती. तिने पान बघितलं, मधली मोकळी ओळ बघितली.

“लिव गो कायतरी,” ती म्हणाली. “घारे म्हण. आता कोण बघता?”

मी लिहिलं नाही. मी विठूला पाहिलेलं नव्हतं.