खोलीत बिडी ओढू नये

पवनारच्या प्राथमिक शाळेत मी सात वर्षं मास्तर होतो. शाळेच्या मागे, वर्ध्याच्या सडकेला लागून नत्थूजींचं घर होतं. नत्थूजी आणि आनंदाबाई, दोघंच. मूलबाळ नव्हतं. नऊ एकर वावर, एक बैलजोडी, आणि सडकेकडच्या दोन खोल्या. या खोल्या ते येणाऱ्या-जाणाऱ्यांना चार-आठ दिवसांसाठी राहायला देत.

त्या वर्षांत पवनारला लोक फार येत. कोणी आश्रम पाहायला, कोणी भूदानाच्या कामासाठी, कोणी नुसतंच. आश्रमात उतरण्याची सोय होती, पण तिथे पहाटे उठावं लागे आणि बिडी चालत नसे. ज्यांना बिडीवाचून करमत नसे, ते सकाळची प्रार्थना आश्रमात करत आणि राहायला नत्थूजींकडे येत. नत्थूजी स्वतः बिडीचे शौकीन. आलेल्या माणसाच्या पुढे आधी पाण्याचा तांब्या, मग बिडीचा कट्टा ठेवत. "तिकडं पुन्य करा, इकडं धूर काढा," असं म्हणून मोठ्याने हसत. आनंदाबाई स्वयंपाक करी. बोलणं नत्थूजींचं.

चोपन्न सालच्या जानेवारीत घरात कापूस भरलेला होता. मधली खोली भरली म्हणून उरलेला पाहुण्यांच्या दुसऱ्या खोलीत टाकला होता. पहिल्या खोलीत अमरावतीचे कृष्णकांत नावाचे गृहस्थ उतरले होते. मोजणी खात्यात कारकून, पस्तिशीचे, बोलायला गोड. पाच दिवस राहिले. जायच्या दिवशी सकाळी थंडी होती, तर ते आणि नत्थूजी दुसऱ्या खोलीत कापसाच्या ढिगावरच टेकून गप्पा मारत बसले. आनंदाबाईने तिथेच चहा नेऊन दिला. बाराच्या मोटारीने कृष्णकांत गेले. नत्थूजी त्यांना थांब्यापर्यंत पोचवून आले, जेवले आणि आडवे झाले.

तीनच्या सुमारास आनंदाबाईला वास आला. कापसाची आग भडकत नाही, आतल्या आत चालत जाते. बाहेरून ढीग पांढराच दिसतो. नत्थूजींनी खोलीत शिरून दाताळ्याने ढीग ओढला, आणि आत वारा शिरताच सगळं एकदम पेटलं. आम्ही शाळेतून पोरं सोडून धावलो तेव्हा ते बाहेर येऊन अंगणात उभे होते. उभेच होते. धोतर जळालं होतं आणि ते "बैल सोडा, बैल सोडा" म्हणत होते. बैल वावरात होते.

वर्ध्याच्या दवाखान्यात ते अकरा दिवस जगले.

आनंदाबाई त्या अकरा दिवसांत रडली नाही आणि नंतरही नाही. तेराव्याला जमलेल्या बायका आपसात कुजबुजत होत्या. शेजारच्या रुख्माबाईंनी तिला जवळ घेऊन म्हटलं, "रड वो बाई, मोकळी हो." आनंदाबाई म्हणाली, "हो." मग उठून तिने जात्यावर ज्वारी टाकली, कारण दुसऱ्या दिवसाचं पीठ नव्हतं. मी तिला त्यानंतर कितीतरी वेळा पाहिलं. ती बोलायची, कामं करायची, विचारलं त्याचं उत्तर द्यायची. पण विहिरीत दगड टाकावा आणि आवाजच येऊ नये, तसं वाटायचं.

गावाने दोष कृष्णकांतांवर ठेवला. परका माणूस, बिडी ओढून थोटूक टाकून गेला. नत्थूजींचे धाकटे भाऊ बापूजी तर चावडीवर म्हणाले, "तो मानूस पुन्हा दिसला तं तंगडं मोडतो त्याचं." आनंदाबाईला कोणी काही विचारलं नाही.

बापूजींनी आणि गावातल्या चार माणसांनी मिळून उन्हाळ्यात खोल्या पुन्हा उभ्या करून दिल्या. वावर बापूजी पाहू लागले. पावसाळा संपल्यावर पुन्हा पाहुणे विचारत आले, आणि आनंदाबाईने त्यांना राहू दिलं. मला याचं नवल वाटलं. त्याच आठवड्यात तिने मला बोलावलं. टिनाचा एक पत्रा आणि चुन्याची वाटी तिने तयार ठेवली होती.

"गुरुजी, मले एक पाटी लिहून द्या. खोलीत बिडी ओढू नये."

"एवढंच?"

"सिगरेट लिवा. चिलीम लिवा. नाई तं म्हनतीन, बिडीच लिवली हाये, चिलीम चालते."

मी लिहिलं. मग विचारलं, "ओसरीवर चालेल?"

तिने ओसरीकडे पाहिलं. "नाई. ओसरीवरचा वारा आत येते."

"मग माणसानं ओढायची कुठे?"

"निंबाखाली दगड हाये. तिथं गाडग्यात रेती भरून ठेवतो मी. बसा, ओढा, रेतीत खुपसा. आन काडीपेटी माह्यापाशी द्या. कंदील मीच लावून देईन."

"तंबाखू?"

"खाऊ द्या. त्यानं आग लागत नाई."

"कारण लिहू का खाली?"

"कारन काऊन लिवता?"

"लोक विचारतील, बाई. तुमच्याकडे लोक बिडीसाठीच तर येतात."

"इचारलं तं सांगीन."

पाटी लागली आणि माझं म्हणणं खरं ठरलं. निम्मे पाहुणे पाटी वाचून पुढे गेले. रुख्माबाईंच्या घरी आता एक खोली द्यायला लागले होते, तिथे उतरू लागले. जे राहिले त्यांतल्या कोणी कारण विचारलं तर आनंदाबाई एवढंच म्हणे, "आग लागलती." कोण मेलं, काय झालं, काही नाही.

एकदा भैय्याजी नावाचे जबलपूरकडचे कापडाचे व्यापारी उतरले. भला माणूस, पण सवय जबर. दार लावून आत सिगरेट पेटवली. आनंदाबाई शेण कालवत होती. तिने हात धुतले, दार उघडून आत गेली, त्यांची वळकटी आणि पेटी उचलून निंबाखाली आणून ठेवली आणि परत शेणाला हात घातला. भैय्याजी मागून चिडून बाहेर आले. "ये क्या बात हुई, बाई? मैं मेहमान हूँ!" तिने वर पाहिलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर ते भांडले असते. ते निंबाखाली गेले, सिगरेट रेतीत खुपसली, आणि वळकटी स्वतः उचलून पुन्हा आत घेऊन गेले. चार दिवस राहिले. पुढच्या वर्षी पुन्हा आले आणि आल्या आल्या काडीपेटी तिच्या हाती दिली.

सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत, शाळा सुटायच्या वेळी, मोटारीतून कृष्णकांत उतरले. मी ओळखलं. केस पिकायला लागले होते. तशीच गोड बोलण्याची ढब. "काय गुरुजी, ओळखलं का? नत्थूजी आहेत ना घरी?"

त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी त्यांच्यासोबत चालत गेलो एवढंच.

आनंदाबाई अंगणात तुरीच्या शेंगा झोडत होती. तिने त्यांना पाहिलं आणि काठी बाजूला ठेवली.

"या," ती म्हणाली. "पानी घ्या."

"नत्थूजी कुठे गेले?"

"वारले. तीन वर्सं झाली."

ते खाली बसले. खिशातून हात बाहेर आला तर त्यात बिडी होती. सवयीनेच आली असावी. आनंदाबाईने पाटीकडे बोट दाखवलं. त्यांनी वाचलं आणि बिडी परत खिशात ठेवली. "कशाने गेले हो?"

"आग लागलती. तुमी गेले त्याच दिवशी. कापसाले."

मग हळूहळू त्यांचा चेहरा बदलला. माणूस मनात मागे मागे जात एका जागी येऊन थांबतो, तसं झालं. "कापसाला," ते म्हणाले. "आम्ही कापसावर बसलो होतो."

तेवढ्यात बापूजी आले. कोणीतरी त्यांना वावरातून बोलावून आणलं असणार. हातात तुतारी होती, बैल हाकायची काठी, टोकाला लोखंडी आर लावलेली. मागे आठ-दहा माणसं. बापूजींनी कृष्णकांतांच्या सदऱ्याला धरून उभं केलं.

"हाच ना तो? वहिनी, हाच ना?"

कृष्णकांतांनी हात सोडवायचा प्रयत्न केला नाही. मी मधे पडलो, पण बापूजींनी मला कोपराने लोटलं.

"भाऊजी, सोडा त्याहिले," आनंदाबाई म्हणाली.

"सोडू? माह्या भावाले मारलं यानं!"

"तुमचे भाऊबी बिडी ओढून राह्यलते."

बापूजी थांबले.

"मी चहा घेऊन गेलती," ती म्हणाली. भाकरीचा हिशेब सांगावा तशा सरळ आवाजात. "दोघंबी कापसावर बसलते. दोघाच्याबी हातात बिडी होती. कोनाची कुठं पडली, मी पाह्यलं नाई. मी कप ठेवले आन चुलीकडं आली."

बापूजींनी सदरा सोडला. "तीन वर्सं झाली, वहिनी. तुमी सांगलं काऊन नाई?"

"कोनी इचारलंच नाई."

बापूजींनी तुतारी तिथेच टाकली आणि ते निघून गेले. मागची माणसं एकेक करून पांगली. आनंदाबाईने कृष्णकांतांना विचारलं, "राह्यता का आज? खोली रिकामी हाये."

ते राहिले नाहीत. पुढच्या मोटारीला वेळ होता, तोवर थांब्यावर बसून राहिले. मी सोबत होतो. बिडी त्यांनी काढली नाही, मीही देऊ केली नाही. मोटार आली तेव्हा म्हणाले, "गुरुजी, मला आठवत का नाही?" मी म्हटलं, तीन वर्षं झाली.

बापूजी दीड महिना तिच्या घरी फिरकले नाहीत. वावराची कामं मात्र करत राहिले. मग एक दिवस गव्हाची पोती गाडीत घालून आले, आत लावून ठेवली. तिने चहा दिला, त्यांनी ओसरीवर बसून घेतला. त्यांच्या मनात काय झालं, ते कधी बोलले नाहीत आणि मी विचारलं नाही. ती मात्र होती तशीच राहिली. मला वाटलं होतं, एवढं बोलून झाल्यावर तिच्यात काही हलेल, निदान एकदा रडेल. काही झालं नाही. तुरी झोडून झाल्या, गहू आला, पाहुणे येत राहिले. रुख्माबाईंनीही आपल्या खोलीवर तशीच पाटी माझ्याकडून लिहून घेतली.

एप्रिलच्या अखेरीस अमरावतीहून एक पोस्टकार्ड आलं. आनंदाबाई ते माझ्याकडे घेऊन आली, वाचायला. कृष्णकांतांनी लिहिलं होतं की ते त्या सकाळची एकेक गोष्ट आठवून पाहतात. चहाचे कप आठवतात, नत्थूजी कसलीशी गंमत सांगत होते ते आठवतं, पण आपली बिडी कुठे टाकली तेवढंच आठवत नाही. बाईंना काही आठवत असेल, नत्थूजी दवाखान्यात काही बोलले असतील, तर कृपा करून कळवावं. जे असेल ते ऐकायची तयारी आहे.

मी वाचून कार्ड खाली ठेवलं.

"नत्थूजी काही बोलले होते का, बाई?"

"पानी मागत," ती म्हणाली. "दुसरं काई नाई."

"मग काय लिहू?"

ती उंबऱ्याशी टेकली. शाळेला सुट्टी होती, उन्हाचं सगळीकडे शांत होतं.

"लिवा," ती म्हणाली, "मलेबी आठोत नाई."

अंगणात ती 'पाह्यलं नाई' म्हणाली होती, पण मी तेवढंच लिहिलं, पत्ता घातला आणि कार्ड तिच्या हाती दिलं. टपालात टाकायला ती स्वतःच गेली.