कडक उपवास

पंधराव्या वर्षी मी एकदम धार्मिक झाले. आधी संकष्टी, मग सोमवार, मग गुरुवार, मग एकादशी. उरलेल्या दिवशी माझं पोट बिघडायचं. इंग्लंडातल्या ब्रॅकनेलमध्ये वाढलेली, 'तो खुर्ची' म्हणणारी मुलगी आपणहून उपवास करते म्हटल्यावर आईला आभाळ ठेंगणं झालं. मराठी मंडळात ती सगळ्यांना सांगायची, "आम्ही काही सांगितलं नाही हो, तिचं तिलाच वाटलं." बाकीच्या आया आपापल्या चिप्स खाणाऱ्या पोरांकडे बघून उसासे टाकायच्या.

खरं म्हणजे मला जेवायचंच नव्हतं. जेवणाची भीती वाटायची, आरशाची त्याहून जास्त. हे घरात बोलले असते तर बोंबाबोंब झाली असती. उपवास म्हटलं की कौतुक व्हायचं.

उपवासाला आई साबुदाण्याची खिचडी करायची, दाण्याचं कूट सढळ हाताने घालून. मी म्हणायचे, "माझा कडक आहे. फक्त पाणी." संकष्टीला चंद्र बघून उपवास सोडायचा, तर इथल्या ढगांत चंद्र कुठला दिसायला? बाबा कॉम्प्युटरवाले. त्यांनी डायल-अपवर नेट लावून चंद्रोदयाची वेळ काढून दिली. मी म्हटलं, प्रत्यक्ष दिसल्याशिवाय नाही. "हे खूळ तुझ्या माहेरचं," बाबा आईला म्हणाले. आई खूश झाली.

वर्षभर मी स्वेटरवर स्वेटर चढवून फिरले. इंग्लंडात त्याचं कुणाला काही वाटत नाही.

मग दिवाळी आली. नरकचतुर्दशीला आई सगळ्यांना तेल लावायची, त्यातून सुटका नसे. मी म्हटलं, माझं मी लावते.

"पाठीला पोचतो का हात तुझा? गप बस."

बाथरूममध्ये स्टुलावर मी टॉवेल धरून बसले. तेल कोमट होतं. आईचा हात मानेवरून खाली आला आणि मध्येच थांबला. परत वर गेला, परत खाली आला, अंधारात किल्ली चाचपावी तसा. तिने उटणं लावलं, अंगावर पाणी घातलं. मग बाहेर जाऊन बाबांना म्हणाली, "आज ऑफिसला जाऊ नका. हिला जीपीकडे न्यायचंय." फराळाची ताटं तशीच राहिली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ही कधीपासून जेवत नाही? आई सवयीने म्हणाली, "शी इज व्हेरी रिलिजस," आणि रडायला लागली. मला तिचा भयंकर राग आला. इतके दिवस तिला कळलं नाही याचा नाही. कळलं याचा.

बरं व्हायला काही वर्षं गेली. त्यातला बराचसा काळ आई समोर बसून मला जेवताना बघायची आणि आम्ही भांडायचो.

पुढे युनिव्हर्सिटीतून घरी आले असताना मी आईबरोबर मंडळाच्या हळदीकुंकवाला गेले. पुण्याहून नव्याने आलेल्या एक बाई लेकीचं कौतुक सांगत होत्या. एवढीशी पोर, पण एकादशी चुकवत नाही. सगळ्या वा वा म्हणाल्या. आईने हातातली तिळगुळाची वाटी खाली ठेवली.

"खिचडी खाते का ती?"

"छे हो. कडक करते अगदी. नुसतं पाणी."

आईने हुकवरून त्यांचा कोट काढून त्यांच्या हातात दिला. "चला, जरा बाहेर जाऊ. तुमच्याशी बोलायचंय." दारापर्यंत गेल्यावर ती वळली आणि मला म्हणाली, "तूही चल."