सुगराबी खालाच्या गोष्टी लिहिताना

चार माणसं एका कामाला लागली की काम राहतं बाजूला आणि किस्सेच साठत जातात. आमचं तर वहीपेक्षा किश्श्यांचं गाठोडं मोठं झालं!

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी बीदरला मास्तर. शिवप्पा अण्णांचं किराणा दुकान. माणिकराव जवळच्या चिंताकी गावचे शेतकरी, बाजाराच्या दिवशी येणारे. आणि गोष्टी सांगणारी सुगराबी खाला. तिचे आजोबा आफ्रिकेतून हैदराबादच्या फौजेत आलेले. त्यांच्या मुलखातल्या गोष्टी, पितरांची गाणी आता तिच्याच तोंडी उरली होती. तिच्या मुलांना त्यातलं अर्धंमुर्धंही येत नव्हतं. खाला गेली की सगळं जाणार! म्हणून दर बाजारी दुपारी तिच्या ओसरीवर बसायचं आणि सगळं उतरवूनच उठायचं, असं आम्ही ठरवलं.

*

पहिल्याच दिवशी खाला मध्येच थांबली. मी मान खाली घालून लिहीत होतो.

"खाला, पुढं?"

"हुंकार कोन देनार? मुक्या माणसाला मी गोष्ट सांगत न्हाई!"

दर वाक्याला ऐकणाऱ्यानं हुंकार द्यायचा, हा तिच्या घरचा नियम. आता लिहू की हुंकार देऊ? शेवटी ती ड्यूटी माणिकरावांना दिली. ते पोटभर जेवून आलेले. डोळे मिटून इमानेइतबारे 'हूं हूं' करत राहिले. खालाला शंका आली. ती त्याच सुरात म्हणाली, "आन मग सशानं माणिकरावची बैलजोडी इकून टाकली."

"हूं!"

*

खालाच्या गोष्टीतला ससा भल्याभल्यांना फसवायचा. अण्णांना हे पटेना. हुशार म्हणजे कोल्हाच! माझं कच्चं लिखाण पक्क्या वहीत उतरवायचं काम त्यांच्याकडं होतं. त्यात त्यांनी गुपचूप सशाचा कोल्हा करून टाकला.

पण खाला प्रत्येक गोष्ट परत वाचून घ्यायची. कोल्हा कानावर पडताच ती उखडली.

"अण्णा, माझा ससा एवढा दर्या ओलांडून आला, आन तू त्याला बीदरच्या वेशीत मारलास व्हय?"

अण्णांनी तिथंच बसून सगळी पानं नव्यानं लिहिली.

*

त्या काळात चार माणसं एकत्र बसली तरी सरकारला संशय यायचा. एक दिवस पोलिसांचे जमादारसाहेब ओसरीवर हजर. वही उघडून म्हणाले, "वाचा!"

गोष्ट होती राजा झालेल्या खादाड तरसाची. मी घाम पुसत वाचली. जमादारांनी डोळे बारीक केले.

"हा तरस म्हणजे नेमका कोण?"

खाला शांतपणे म्हणाली, "तरस म्हंजे तरस, साहेब. तुम्हाला कामून दुसरं कोन आठवायलंय?"

जमादार चहा पिऊन गेले.

*

दर गुरुवारी खाला ऊद जाळून पितरांना हाक मारायची. त्या गाण्यात एक शब्द पुन्हा पुन्हा येई. मी अर्थ विचारला.

"मला म्हाईत न्हाई. माझ्या मायलाबी म्हाईत नव्हता."

"मग वहीत घेऊ का नको?"

"अर्थ न्हाई म्हून तिनं टाकला न्हाई, मी टाकला न्हाई. तू टाकनार हाईस, मास्तर?"

मी तो शब्द ठळक लिहिला. इतकी लाज मला शाळेतही कधी वाटली नव्हती.

*

पुढं खाला अंथरुणाला खिळली. आवाज खोल गेला. एकच गोष्ट राहिली होती, माणसाला मरण कसं आलं त्याची. आम्ही तिघं उशाशी बसलो.

"देवानं सरड्याला धाडलं, माणसं मरनार न्हाईत म्हून सांगाया. सरडा एक पाऊल टाकायचा, झुलायचा, बोरं खायचा. मागनं देवाचं मन फिरलं. पालीला धाडलं, मरनार म्हून सांगाया. पाल निघाली सरासरा..."

तिला खोकल्याची उबळ आली. माझ्यानं बघवेना. मी टाक खाली ठेवला.

"खाला, घाई न्हाई. दमानं घ्या. राहिलेलं पुढच्या बाजारी लिहू."

खाला कोपरावर जोर देऊन उठून बसली.

"सरडाबी असंच म्हनला होता! लिव!"