बोळके आजोबांचा दातेरी वॉशर

सोलर पॅनल बसवणाऱ्या बोळके आजोबांच्या तोंडात औषधालाही दात नव्हता, पण बोल्टखालचा वॉशर मात्र त्यांना दातेरीच लागायचा.

तपासणीला आलेली इंजिनिअर वैतागली. "अर्थिंगला साधा वॉशर लावा की!"

आजोबांनी साधा लावून मीटर धरला. मीटर मुका. "पोरी, या ॲल्युमिनियमला न दिसणारी कातडी असते. वीज तिथंच अडते."

मग दातेरी वॉशर घालून बोल्ट आवळला. कर्रर्र! मीटर ओरडला.

तिनं बोल्ट खोलून पाहिलं. फ्रेमवर केसाएवढे ओरखडे होते. एवढ्याशा वाटेनं छपरावरची सगळी भरकटलेली वीज जमिनीत जाणार?

बोल्ट परत बसवायला तिनं तोच वॉशर उचलला. आजोबांनी तो काढून घेतला, त्याचे चेपलेले दात दाखवले आणि नवा दिला.

"दात एकदाच चावायला मिळतात गं," ते बोळकं हसले. "म्हणून जागा नीट बघायची."