घाटावर बाबांनी लावलेली लाइन

बाबा कोराडीच्या वीज केंद्रात नोकरीला होते. कोळशाचे ट्रक रांगेत लावायचे, हेच त्यांचं काम. रिटायर झाले, नागपुरात मनीषनगरला राहायला आलो, पण गर्दी दिसली की बाबांचे हात अजून आपोआप वर जातात. लग्नाची पंगत असो की दवाखाना, हे आपले मधोमध उभे. मला तर मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्या दिवशी आई, बाबा आणि मी मुलगी पाहायला निघालो होतो. आधीच्या दोघींनी मला नकार दिला होता. ही तिसरी. गाडीत आईनं मला बजावलंच, "आता इथं तरी जमू दे. तोंड कमी चालव." मुलीचं गाव धरणाच्या पाण्यापलीकडे. गाडी अलीकडे ठेवायची आणि मोटर लावलेल्या नावेनं जायचं. घाटावर पोहोचलो, तर नेमका बाजाराचा दिवस! माणसं, पोती, बकऱ्या, मोटारसायकली, जो तो आधी घुसून राहिला. एक मोटारसायकल चढवायची तर चार माणसं खाली उतरवावी लागत. ओरडून ओरडून नावाड्याचा घसा बसला होता.

मी म्हटलं, "बाबा, आज नको. हात जोडतो."

"अबे, पाच मिनिटं," म्हणत ते घुसलेच. पोती आधी, मग माणसं, गाड्या शेवटी. आणि लोकांनी चक्क ऐकलं बाप्पा! पण नियम करणाऱ्यानं पुढे घुसू नये, म्हणून आम्ही सगळ्यांच्या मागे. एक नाव गेली, दुसरी गेली. आईचा गजरा सुकला, माझं डोकं तापलं.

तेवढ्यात एक मुलगी स्कूटी घेऊन थेट पाण्यापर्यंत गेली. तोंडाला स्कार्फ, खांद्याला डबा, नागपूरच्या ऑफिसातून धुळीनं माखून आलेली.

"ओ पोरी, गाडी मागे घे," बाबा गरजले.

"काका, जाऊ द्या न. घरी मले पाह्यले पाहुणे येऊन राहिले. साडी नेसाची आहे अजून."

"बसतीन पाहुणे. थोडा वेळ थांबले तर मरतीन का?"

"तुम्ही कोण हो सांगणारे?"

"मी कोणी नाही. पण लाइन म्हणजे लाइन."

पलीकडे गाव तर एकच! आईनं माझा दंड घट्ट धरला आणि पुटपुटली, "यायले आवर रे देवा."

मुलगी धुसफुसत आमच्या शेजारी उभी राहिली. शेवटच्या नावेत आम्ही चौघं एकत्र. बाबांचा राग एव्हाना उतरला होता. त्यांनी प्रेमानं विचारलं, "कोणाच्या घरची वं तू?" तिनं वडलांचं नाव सांगितलं. बाबांनी शर्टाचं वरचं बटण उगाच लावलं आणि पाण्याकडे पाहत बसले. तिच्याही लक्षात आलं. तिनं स्कार्फ सोडला आणि मला नीट न्याहाळलं. मीही पाहिलं. पाहण्याचा कार्यक्रम तिथंच उरकला. आता ही पण गेली, असं मी मनातल्या मनात धरून चाललो.

साडी नेसायला वेळच नव्हता. त्याच धुळीच्या कुर्त्यावर ती पोहे घेऊन आली. तिचे वडील म्हणाले, "विचारा काय विचाराचं ते." आम्ही तिघं पोह्यांत चमचे फिरवत राहिलो.

"मंग मीच विचारते," ती म्हणाली. "काका, तुमच्या घरच्या लाइनीत माझा नंबर कितवा?"

तिच्या वडलांना ठसका लागला. बाबांनी मात्र बशी खाली ठेवली आणि खरोखरच विचार केला.

"पहिला हिचा," त्यांनी आईकडे हात केला. "मंग तुझा. आम्ही दोघं मागून."

आईचा चमचा हातातच राहिला. "इतक्या वर्षांत मले तर कोणी सांगितलं नाही," ती म्हणाली आणि पदरानं डोळे पुसायला लागली.

मुलगी तिच्याकडे बघून हसली. "मंग चालते मले," म्हणाली.

मला कोणी काही विचारलंच नाही.