दोन्ही संघ विजयी

मला फोनवर बोलता येत नाही. म्हणजे फोन लावता येतो, उचलता येतो, पण समोरचा माणूस बोलायला लागला की माझ्या तोंडून 'हं' एवढंच निघतं. माझी बहीण म्हणते, तुझ्यापेक्षा कुकरशी बोलावं, तो निदान शिट्टी तरी देतो. अशा बाईला वर्तमानपत्राच्या खेळ विभागाने फोनवर बसवलं. यावरून त्या विभागाची काय अवस्था झाली होती ते समजावं.

हे मी कुणाला वाचायला देणार नाही. कुणी वाचलं तर दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर चहा ठेवताना मी नक्की सांडीन.

आमचं ऑफिस बेलापूरला, दुसऱ्या मजल्यावर. छपाई रबाळ्याला. मी दुपारी दोनला येते, झाडते, पुसते, चहा देते. मी लागले तेव्हा खेळ विभागात पाच माणसं होती आणि ती पाचही एकाच वेळी बोलायची. मी ट्रे ठेवून पळून यायची. मग क्रिकेटवर लिहिणारे गेले, ते कुठल्याशा मोबाईलच्या कंपनीत. सगळ्यात वयस्कर होते त्यांना पुष्पगुच्छ दिला. फोटोवाल्याला सांगितलं की आता खेळाडूच आपले फोटो पाठवतात. छापण्याआधी चुका तपासायला एक जण होते, त्यांची खुर्ची एका सोमवारी जाहिरात विभागात दिसली, ते नाही दिसले. उरलेल्या रिकाम्या खुर्च्या मी सवयीने रोज पुसायची. एकदा तर रिकाम्या टेबलावर चहाही ठेवून आले.

शेवटी एक सर राहिले. श्रीवर्धनकडचे, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, आणि तरी मला मावशी म्हणायचे. ईदला शिरखुर्म्याचा वेगळा डबा माझ्यासाठी आणायचे. खेळाचं पान ते एकटे लावायचे, शिवाय शहराचं पान, शिवाय राशिभविष्य. जेवणाचा डबा रात्री तसाच घरी न्यायचे.

एक दिवस मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. सरांनी ते मलाच वाचून दाखवलं, कारण विभागात ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.

"मावशी, बसा. विभागाची मीटिंग आहे."

मी बसले नाही. ट्रे धरून उभी राहिले.

"एक महिना बघणार आहेत. पान वेळेवर आणि बिनचूक निघालं तर मी राहतो. नाहीतर खेळाचं पान तिकडून तयार येणार. माझ्या मुलीचं शेवटचं वर्ष आहे, तेवढं पार पडू दे म्हणजे झालं. तुमचं काय मत?"

"हं," मी म्हटलं.

"एकमताने मंजूर," सर म्हणाले.

खेळाच्या टेबलावर एक जुना फोन आहे. आजूबाजूच्या गावांतली मंडळं कबड्डीचे निकाल अजून त्याच फोनवर सांगतात. सर पानात गुंतलेले असले की तो वाजत राहायचा. म्हणून त्यांनी माझ्यासाठी एक फॉर्म केला. मैदान कुठलं, कोण विरुद्ध कोण, गुण किती, उत्कृष्ट चढाई कुणाची, उत्कृष्ट पकड कुणाची. "तुम्ही बोलू नका," ते म्हणाले, "ते सांगतील तसं नुसतं भरा." मला वाटलं, जन्मात पहिल्यांदा माझ्या लायकीचं काम मिळालं. तीन आठवडे मी फॉर्म भरले. सर एकदा म्हणाले, तुमचं अक्षर आमच्या वार्ताहरांपेक्षा बरं आहे. त्या दिवशी मी ऑफिसची फरशी दोनदा पुसली.

चौथ्या आठवड्यात दोन गावांच्या संघांचा अंतिम सामना झाला. एक खाडीकडचं गाव, एक डोंगराकडचं. संध्याकाळी खाडीवाल्यांचा फोन आला, आम्ही सत्तावीस-सव्वीसने जिंकलो. मी लिहिलं. दहा मिनिटांनी डोंगरवाल्यांचा आला, आम्ही सत्तावीस-सव्वीसने जिंकलो. शेवटच्या चढाईवरून भांडण झालं होतं आणि तो एक गुण दोघांनीही आपापल्या पदरात टाकून घेतला होता. हे मला नंतर कळलं. तेव्हा माझ्यासमोर एवढंच होतं की दोन फॉर्म आहेत, मैदान एक, वार एक आणि जिंकलेले दोघं.

"पण मग हरलं कोण?" एवढंच विचारायचं होतं. माझ्या तोंडून 'हं' निघालं आणि त्या माणसाने आनंदाने फोन ठेवला.

सरांना सांगावं तर ते कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकं घालून बसलेले. मी दोनदा टेबलाजवळ गेले आणि दोनदा कप उचलून परत आले. दुसऱ्यांदा तर कप भरलेला होता. मग मी स्वतःची समजूत घातली की दोनदा खेळले असतील. मोठ्या स्पर्धेत काहीही असू शकतं. दोन्ही फॉर्म टेबलावर ठेवले. सरांनी एक वर मोठा लावला, दुसरा खाली 'थोडक्यात'मध्ये. तपासणारे होते ते गेलेलेच होते.

दुसऱ्या दिवशी मी आले तर जिन्यात चपलांचा ढीग. खाडीवाले पेढे घेऊन आलेले.

"बाय, सायेब हायत ना? आमचा नाव आला पेपरान. पोरां लय खूश हायत."

मी पेढा घेते न घेते तोच मागून डोंगरवाले आले. त्यांच्या हातातही खोका.

"तुमी इकडं कसे?" खाडीवाल्यांतला एक जण म्हणाला. "काल तर तोंड लपवून गेलाव."

"आमी? वाच, काय लिवलंय वाच."

"तू वर वाच."

"तू खाली वाच."

दोघांनी पेपर घड्या घालून फक्त आपलीच बातमी वर ठेवली होती. घड्या उलगडल्या आणि दोघांनी दोन्ही बातम्या वाचल्या. मग त्यांच्यातले एक म्हातारे बाबा हसायला लागले. "पेपरवाल्यांनी दोघांना जिकवला. आता रविवारी परत खेला, दुसरा उपाय नाय."

हे सगळं चालू असताना मुख्य कार्यालयाचे साहेब केबिनच्या दारात उभे होते. महिना बघायला ते नेमके त्याच दिवशी आले होते. त्यांनी पेपर मागून घेतला, वरची बातमी वाचली, खालची वाचली.

"ही चूक कोणाची?"

मी ट्रे घेऊन तिथेच उभी. 'माझी' हा काही मोठा शब्द नाही. मी तो मनात तीन वेळा म्हणून बघितला, चौथ्यांदा तोंड उघडलं आणि म्हणाले, "साहेब, साखर कमी घालू?"

"माझी," सर म्हणाले.

पुढच्या सोमवारपासून खेळाचं पान तयार येणार असं ठरलं. सर खण रिकामा करत होते तेव्हा मी गेले. वाक्य पाठ करून गेले होते, ते अर्धंच आठवलं. "ते दोन्ही फॉर्म मी..."

त्यांनी खणातून दोन्ही फॉर्म काढून माझ्यासमोर ठेवले. "मावशी, अक्षर तुमचंच आहे. यात कबूल काय करताय?"

"मला तेव्हाच कळलं होतं. विचारलं नाही."

"मी दोन्ही वाचून लावले असते तर मलाही कळलं असतं. मी नुसते चिकटवले. तीन पानं होती माझ्या डोक्यावर." खण लावत म्हणाले, "मुलीला मात्र काय सांगायचं ते बघावं लागेल." मग कोऱ्या फॉर्मचा गठ्ठा मला दिला. "किराण्याची यादी लिहायला होतील."

त्याच फॉर्मच्या मागच्या बाजूवर मी हे लिहिते आहे.

ते गेल्यानंतरच्या रविवारी माझी पाळी होती. संध्याकाळी तो फोन वाजला. सामना परत झाला होता. मी सवयीने फॉर्म ओढला आणि समोरचा माणूस म्हणाला, "बाय, आमी जिकलो."

"पण हरलं कोण?" मी विचारलं. आवाज इतका मोठा निघाला की जाहिरात विभागातलं कुणीतरी वळून बघायला लागलं.

तो चांगल्या स्वभावाचा निघाला. डोंगरवाले हरले, एकतीस-चोवीस, त्यांनी मान्य केलंय, पाहिजे तर त्यांना देतो फोन. मी फोन त्यांच्याकडे द्यायला लावला. त्यांनीही सांगितलं, आम्ही हरलो.

फॉर्म भरला, पण द्यायचा कुणाला? तयार आलेल्या पानावर इंग्लंडचा फुटबॉल होता. मी फॉर्मचा फोटो काढून सरांना पाठवला. दहा मिनिटांनी उत्तर आलं. मला वाटलं, शाबासकी असेल.

'उत्कृष्ट पकड कुणाची? जागा रिकामी आहे.'

फोन लावायचा म्हणजे आधी बोलायचं, हे माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं. मी खाडीवाल्यांच्या मंडळाचा नंबर फिरवला. पलीकडून तोच माणूस म्हणाला, "हॅलो, कोन बोलताय?"

"हं," मी म्हटलं. मग खाली बसले आणि विचारलं.